पंचनाम्यातला ‘अंदाजे’

‘ती घटना आजही आठवते’ असं म्हणून आम्ही निवृत्त पोलीस लिहायला बसतो आणि मग आपण सराईत चोर कसा पकडला ते रंगवून सांगतो. ऐकणारे खूष, आम्हीही खूष. तशा चार गोष्टी माझ्याकडेही आहेत, लग्नाकार्यात जेवताना सांगतो. ही त्यातली नाही. ही बायकोला एकदा अर्धी सांगितली, तर तिचा चेहरा बघून उरलेली अर्धी पोटातच ठेवली. यात चोर नाही, दरोडा नाही. एक विमान आहे, एक शिकलेली मुलगी आहे आणि मी आहे. पद्धतीप्रमाणे नाव कोणाचंच घेत नाही.

निवृत्तीला थोडाच काळ उरला होता. रेवदंड्याच्या बाजूला किनाऱ्यावरच्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. किनाऱ्यावरच्या ठाण्याची कामं ठरलेली. शनिवार-रविवार आला की पुण्या-मुंबईचे पाहुणे वाळूत गाड्या घालणार, भरती आली की त्या रुतणार, मग दोर घेऊन आम्ही पळणार. त्यामुळे हिवाळ्यातल्या एका सकाळी फोन आला की वाळूत विमान पडलंय, तेव्हा ठाणे अंमलदाराने फोन करणाऱ्याला झापलं. म्हणाला, नीट बघ, जीप असेल. पलीकडचा माणूस म्हणाला, जीपला पंख असतात का?

गेलो तर खरंच विमान. चार माणसांचं, छोटं, पांढरं. ओहोटी होती. ओल्या वाळूवर चाकांच्या दोन रेघा लांबवर सरळ आल्या होत्या आणि मग एक चाक मऊ वाळूत घुसून सगळं धूड बाजूला फिरलं होतं, ते थेट बोंबील वाळत घालायच्या काठ्यांमध्ये. काठ्या मोडून पडलेल्या, बोंबील सगळीकडे विखुरलेले, आणि त्यात एक कोळीण बाई आडवी. पंखाचा फटका मांडीवर बसला होता. कोळीवाड्यातल्या बायकांनी तिला लुगड्यात धरून ठेवलं होतं. विमान चालवणारी एकटीच होती, इंजिनाने हवेतच दगा दिल्यामुळे तिने ते वाळूत उतरवलं होतं. कपाळ फुटलेलं, मनगट सुजलेलं, पण ती स्वतःचं बघायचं सोडून त्या बाईच्या पायाला फळी बांधत होती. ते मी बघितलं. बघितलं आणि पंचनाम्यात लिहिलं नाही, कारण पंचनाम्यात त्याला जागा नसते.

त्या वैमानिक मुलीला मी ओळखत होतो. मुरुडच्या वाटेवर तिच्या वडिलांची नारळी-पोफळीची वाडी. वडील शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, सगळा तालुका त्यांना गुरुजी म्हणतो. मुलगी वैमानिक झाली, नंतर दुसऱ्यांना विमान शिकवायला लागली, तेव्हा एसटी स्टँडसमोर तिचा फोटो असलेला फ्लेक्स लागला होता. आदल्या वर्षीच्या गणेशोत्सवात तिचा सत्कार झाला आणि प्रमुख पाहुणा कोण, तर मी. शाल मी घातली, श्रीफळ मी दिलं. श्रीफळ त्यांच्याच वाडीतलं होतं असं गुरुजी हसत म्हणाले होते. भाषणात मी तिला चार-पाचदा ‘कॅप्टन’ म्हणालो. टाळ्या मिळाल्या.

गुन्हा नोंदवला. निष्काळजीपणाने गंभीर दुखापत. हा जामीनपात्र गुन्हा असतो, आणि विमानाच्या अपघाताची खरी चौकशी करणारं सरकारचं वेगळं खातं असतं. त्यांची माणसं आली, विमान झाकून घेऊन गेली, अहवालाला वेळ लागेल म्हणाली. मी थांबायला हवं होतं. पण कोळीवाडा थांबायला तयार नव्हता. ठाण्याच्या अंगणात बायका टोपल्या घेऊन येऊन बसल्या. मी जखमी बाईला भेटायला अलिबागला गेलो, तर ती पाय टांगलेल्या अवस्थेत माझा हात धरून म्हणाली, “साहेब, माजा पाय ग्येला. मी बोंबलांव जगतंय. तिला सोरू नको.” मी म्हणालो, नाही सोडणार. घरात ती एकटी कमावती. तिची कीव आली ती खोटी नव्हती. पण शब्द दिला तेव्हा मला विमानातलं ओ की ठो कळत नव्हतं.

दोन-तीन दिवसांनी ठाण्याच्या फोनवर खबर आली. बोलणाऱ्याने नाव सांगितलं नाही. शिकलेला, हळू आवाज. म्हणाला, त्या बाईंना मिक्स्चरबद्दल विचारा, लीन करायची खोड आहे त्यांना. एवढंच बोलून ठेवून दिला. अंमलदाराने माझ्यासाठी चिठ्ठी लिहून ठेवली: ‘सदर महिलेस मिक्सर चालवण्याची खोड आहे’. आम्ही दोघं पोट धरून हसलो. मग मी फोनवर शोधलं, एका माहीतगाराला विचारलं, तेव्हा उलगडा झाला.

मला समजलं ते असं. विमानाच्या इंजिनात पेट्रोल आणि हवा मिसळून जातात. वर गेलं की हवा विरळ होते, म्हणून वैमानिक एक लाल मूठ मागे ओढून पेट्रोलही कमी करतो. त्याला लीन करणं म्हणतात. रोजचीच गोष्ट आहे, सगळे करतात, करायलाच हवी. नेमकं हे शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात शिरलं नाही. माझ्या डोक्यात एवढंच बसलं, की पेट्रोल कमी करणारी मूठ असते आणि ती हिच्या हातात होती.

तिला बोलावलं. कपाळावर पट्टी, हात गळ्यात. महिला शिपाई शेजारी बसवली, रायटर हवालदार जबाब टाइप करायला बसला, सगळं नियमाने. फक्त एक नियमात न बसणारी गोष्ट मी केली. सत्काराला जिला कॅप्टन म्हणालो होतो तिला खुर्चीत बसल्या बसल्या ‘तू’ म्हणालो. चौकशीत हे आम्ही मुद्दाम करतो. माणूस चपापतो, त्याला कळतं की आता आपण कोणी नाही. ती चपापली. मला बरं वाटलं, हे आज कबूल करतो.

मी विचारलं, लीन केलं होतंस?

“हो, केलं होतं,” ती म्हणाली. “आम्ही नेहमीच करतो.”

माझ्या नोकरीत इतक्या सहज कबुली कोणी दिली नव्हती. खरं बोलणाऱ्या माणसाला ‘हो’ म्हणायला वेळ लागत नाही, हे इतकी वर्षं माणसं बघून मला कळायला हवं होतं. मी रायटरकडे बघितलं. त्याने आमच्या पोलिसी मराठीत लिहिलं, ‘मी विमान उडत असताना स्वतःच्या हाताने इंजिनाचे इंधन कमी केले.’ शब्दाने खोटं नाही. तिने वाचलं आणि म्हणाली, याच्यापुढचंही लिहा. मग ती समजावून सांगायला लागली. मूठ ओढली की इंजिनाच्या धुराचं तापमान चढतं, एका शिखराला पोचतं, मग उतरायला लागतं. ते बघूनच मूठ कुठे ठेवायची ते ठरवतात. इंजिनाला चार सिलिंडर, चौघांचं शिखर एकाच वेळी येत नाही, फरक थोडा असतो. पण हाताने ओढलं तर चारही जवळजवळ एकदमच चढतात. आणि एखाद्याचंच पेट्रोल कचऱ्याने अडलं, तर तो एकटाच आधी चढतो.

“विमानातल्या यंत्रात सगळं नोंदलेलं आहे, साहेब. प्रत्येक सेकंदाचं, एकेका अंशाचं. कुठला सिलिंडर आधी चढला तेवढं बघा.”

मी म्हणालो, एकेका अंशाने काय होतंय? रायटर हसला. ती नाही हसली.

ती नोंद तेव्हा माझ्याच टेबलाच्या खणात होती. मेमरी कार्डाची प्रत चौकशी खात्याने आम्हाला रीतसर दिलेली. तिने विचारलं, मला दाखवता का, मी दाखवते कुठे बघायचं. मी म्हणालो, आरोपीला पुरावा दाखवत नाहीत. हा नियम आहे का? तसा नाही. पण ठाण्यात असं बोललं की चालून जातं.

त्यानंतर तिला सोडता आलं असतं. बाँड लिहून घ्यायचा, जामीन घ्यायचा, तासाभराचं काम. मी तिला दिवसभर बाहेरच्या बाकावर बसवलं. अंगणात कोळीवाडा, बाकावर ती. जामीन राहायला गुरुजी एसटीने आले. इस्त्रीचा सदरा, हातात कापडी पिशवी, मला बघून त्यांनी सवयीने नमस्कार केला. त्यांना वाटत होतं काहीतरी घोटाळा झालाय, साहेब ओळखीचे आहेत, निस्तरतील. मी तिला आत बोलावलं आणि त्यांच्यासमोर म्हणालो, सांग वडिलांना, इंधन कमी केलंस की नाही?

ती वडिलांकडे वळली. मग म्हणाली, “केलं होतं, बाबा.”

गुरुजींनी न वाचता जामिनाच्या कागदावर सही केली. तिला त्यांच्यासमोर विचारायची काही गरज नव्हती. जबाब झाला होता, सही झाली होती. अंगणातल्या बायकांना दारातून ऐकू जावं म्हणून मी ते केलं, आणि त्यांना ते गेलं. दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरला बातमी आली, ‘वैमानिकाची कबुली’. फोटो सत्काराचाच छापला होता, माझा भाग कापून. वरिष्ठांचा फोन आला, शाब्बास म्हणाले. एसटी स्टँडसमोरचा फ्लेक्स कोणीतरी फाडला. त्याची तक्रार कोणी दिली नाही, म्हणून मी नोंद घेतली नाही.

आता मुख्य गोष्ट. पोलिसाला दिलेल्या कबुलीला कोर्टात किंमत नसते, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. दोषारोपपत्राला पुरावा लागतो. म्हणून मी खणातलं कार्ड काढलं आणि रायटरला संगणकावर उघडायला लावलं. बाप रे! आकडेच आकडे. एकेका सेकंदाची एकेक ओळ, प्रत्येक ओळीत चार सिलिंडरांचे चार आकडे, कितीही खाली गेलं तरी संपेनात. दोन पानं बघून माझे डोळे फिरले. मी म्हणालो, हे कोर्टासमोर ठेवलं तर न्यायाधीश माझ्या तोंडावर फेकतील. एका पानात बसव.

इथे आमची एक सवय सांगायला हवी. पोलिसाचा पंचनामा वाचला असेल तर तुम्हाला दिसलं असेल, त्यात सगळं ‘अंदाजे’ असतं. दरवाजापासून अंदाजे पंधरा फूट. वय अंदाजे चाळीस. रक्ताचा डाग अंदाजे हातभर. लोकांना तो आळस वाटतो. आळस नाही तो, चिलखत आहे. नवीन असताना मी एकदा एक अंतर फूट-इंचात लिहिलं. आरोपीच्या वकिलाने उलटतपासणीत विचारलं, टेप कोणी धरली, कुठल्या टोकाला धरली, टेप कुठून आणली. माझी पार भंबेरी उडाली. बाहेर आल्यावर माझ्या साहेबांनी कान उपटले, म्हणाले, ‘अंदाजे’ लिही, कोणी काही वाकडं करू शकणार नाही. तेव्हापासून मी आयुष्यभर अंदाजे लिहिलं. बारीक लिहिलं की अडकतो, मोघम लिहिलं की सुटतो, हे इतकं हाडात भिनलं होतं की त्यात काही चूक असू शकते हे सुचलंच नाही.

तेव्हा मी रायटरला सांगितलं, सेकंदाची ओळ नको, मिनिटाची घे. सुटे अंश नकोत, दहाच्या पटीत कर. आणि हे चार-चार रकाने कशाला? इंजिन एकच आहे ना? चौघांची सरासरी काढ, एकच रकाना कर. वर लिही, ‘इंजिनाचे तापमान (अंदाजे)’. त्याने केलं. सुंदर पान निघालं. बघितलं तर तापमान आधी चढलं होतं आणि मग उतरलं होतं. म्हणजे अगदी तिनेच सांगितल्यासारखं, मूठ ओढली की होतं तसं! मी मांडीवर थाप मारली. जबाब आणि तक्ता एकमेकांना बिलगून बसले होते. तपासाला यश आलं असं मी स्वतः जाऊन कोळीवाड्यात सांगितलं. तिथल्या बायकांनी मला चहा पाजला.

मग चौकशी खात्याचे अधिकारी आले. इंजिनिअर माणूस, साठीकडे झुकलेला, बोलणं मोजकं. मी त्यांच्यापुढे तक्ता ठेवला, जरा ऐटीतच. त्यांनी चष्मा लावून बघितला, उलटा करून मागे काही आहे का बघितलं. विचारलं, हा कोणी बनवला? मी म्हणालो, आम्हीच. ते म्हणाले, मूळ आकडे कुठे आहेत? मी खणातून कार्ड दिलं. त्यांनी आपल्या लॅपटॉपवर लावलं आणि पडद्यावर चार रंगांच्या चार रेघा आल्या. माझ्या एका रकान्याच्या चार रेघा झाल्या.

त्यांनी बोट ठेवून दाखवलं. बराच वेळ चारही रेघा शांत, आपापल्या उंचीवर. म्हणजे तिने लीन केलं होतं ते केव्हाच नीट करून झालेलं, इंजिन मजेत चाललेलं. मग तिसऱ्या सिलिंडरची रेघ एकटीच हलली. आधी एक अंश, मग दोन, मग आणखी. बाकीचे तीन जागचे हलले नव्हते. तिसरा चढून शिखराला गेला आणि कोसळला, त्याच्या मागोमाग पहिला तसाच चढला. हाताने मूठ ओढली असती तर चारही चढले असते. इथे दोघांच्या नळीत कचरा अडकला होता.

आणि तिसरा कोसळायला लागल्या लागल्या उरलेल्या दोन चांगल्या सिलिंडरांच्या रेघा एकदम, एकाच क्षणी, खाली आल्या होत्या. मी म्हणालो, हे बघा, उतरलं. ते म्हणाले, हो, कारण पेट्रोल वाढलं की ते थंड होतात. तिने मूठ पुढे ढकलली. होतं नव्हतं ते सगळं पेट्रोल दिलं.

त्यांनी माझं पान हातात घेतलं.

“साहेब, चार साक्षीदारांचे जबाब घेऊन त्यांची सरासरी काढता का तुम्ही?”

ते आवाज न चढवता पुढे म्हणाले, “आणि मिनिटाला एक ओळ. या मुलीने विमान वाचवायला जे जे केलं, ते तुमच्या या दोन ओळींच्या मधल्या कोऱ्या जागेत आहे.”

ते गेल्यावर मी ते पान पुढे ठेवून बसलो. खरंच, दोन ओळींच्या मध्ये नखाएवढी पांढरी जागा होती. त्या जागेत एका मुलीने इंजिन सांभाळायचा प्रयत्न केला होता, वस्ती टाळली होती, ओहोटीची ओली वाळू हेरली होती, तिथे विमान आणलं होतं. तिने मला सांगितलंही होतं कुठे बघायचं ते. मी म्हणालो होतो, एकेका अंशाने काय होतंय. रायटर चहा घेऊन आला, तर त्याच्याकडे बघवेना, कारण त्याच्यासमोरच मी ते बोललो होतो आणि तो हसला होता तो मला खूष करायला.

पुढचं थोडक्यात सांगतो. खबर देणारा सापडला. विमान ज्या संस्थेचं होतं तिच्याच कार्यशाळेतला माणूस होता तो. त्या नळ्या साफ केल्या म्हणून सही त्याची, आणि साफ झाल्या नव्हत्या. प्रकरण कोर्टात आहे, जास्त लिहीत नाही. त्याने मला फसवलं असं काही मित्र म्हणतात. अहो, कसलं फसवलं! त्याने एक वाक्य टाकलं. बाकी सगळं मी माझ्या हाताने केलं.

आधी त्या जखमी बाईकडे गेलो. ती घरी आली होती, कुबडी घेऊन दारात बसली होती. मी तिला सांगितलं की मुलीची चूक नव्हती. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, “मना काय कलत न्हाय त्या विमानातला. तू बोललास तिनी केलाय, म्हनून मी तिला शिव्या घातल्या. आता त्या शिव्या कोनाला घालू?” मी म्हणालो, मला घाल. तिने घातल्या नाहीत. चहाही विचारला नाही.

मग मुरुडच्या वाटेवरच्या वाडीत. गुन्हा मागे घेताना आम्ही कोर्टाला समरी अहवाल पाठवतो. गुन्हा खोटा असेल तर ‘ब’ समरी, गैरसमजुतीतून दाखल झाला असेल तर ‘क’ समरी. मी ‘क’ पाठवली होती, ती मंजूर झाली होती, तिची प्रत घेऊन मी स्वतः गेलो. सकाळची वेळ होती, गुरुजी खळ्यात सुपाऱ्या वाळत घालत होते. मला बघून त्यांनी नमस्कार केला नाही. बसा म्हणाले. मुलगी आतून पाणी घेऊन आली. हात बरा झाला होता, कपाळावर वण होता. तिला काय म्हणून हाक मारावी ते मला सुचेना. ‘तू’ म्हणायची माझी लायकी राहिली नव्हती आणि ‘कॅप्टन’ तोंडातून निघेना. मी म्हणालो, हे आणलंय.

मला वाटलं होतं कागद बघून तिला बरं वाटेल. तिने सांगितलं, संस्थेने तिला काढून टाकलंय. दुसरीकडे अर्ज केले, कागदपत्रं बघून बोलावतात, पण तिचं नाव शोधलं की पहिली बातमी तीच येते, ‘वैमानिकाची कबुली’. मुलाखतीत पहिला प्रश्न तोच. ती सांगते की लीन सगळेच करतात. समोरचे माना डोलावतात, त्यांनाही ते माहीत असतं, आणि तरी नंतर कळवतो म्हणतात. ती हे तक्रारीच्या सुरात सांगत नव्हती. त्यामुळे ऐकवत नव्हतं.

मग तिने कागद वाचला. मोठ्याने, शांतपणे. ‘सदरचा गुन्हा हा गैरसमजुतीतून दाखल झाल्याचे तपासात निष्पन्न झाले आहे.’ तिने मान वर केली.

“कोणाच्या?”

मी म्हणालो, काय?

“कोणाच्या गैरसमजुतीतून, ते लिहिलेलं नाही.”

आमची भाषा अशीच असते. गुन्हा दाखल होतो, तपास केला जातो, निष्पन्न होते. करणारा कोणी नसतोच. ‘अंदाजे’ जसं चिलखत, तसं हेही. गुरुजी सुपाऱ्या पसरत होते, त्यांचा हात थांबला. माझ्या खिशाला पेन होतं. समरी मंजूर झाली होती हे खरं, पण तो कागद म्हणजे एक प्रत होती, तिच्या कडेला मी दोन शब्द लिहून खाली सही केली असती तर मला कोणी फासावर देणार नव्हतं. निवृत्ती तोंडावर होती. पेन्शनचे कागद वर गेले होते. वरिष्ठांचं शाब्बास कानात होतं. मी पाण्याचं भांडं उचललं, पाणी प्यालो आणि म्हणालो, आमची अशी पद्धत आहे. तिने कागदाची घडी घातली आणि वडिलांच्या हातात दिली. मी उठलो. निरोपाला कोणी उठलं नाही.

या घटनेने मला काय शिकवलं, असं शेवटी लिहायचं असतं. शिकून करायचं काय, काही महिन्यांत मी घरी बसलो. एवढं मात्र खरं, की आता बाजारात कोणी ‘साहेब, अंदाजे किती वाजले?’ विचारलं तरी मी घड्याळ बघून मिनिटासकट सांगतो. आणि एखादा माणूस पटकन ‘हो’ म्हणाला की मी त्याला पुढे बोलू देतो. पण आता मला कोणी जबाब देत नाही, नातू सोडला तर.

हे लिहायला घेण्याआधी मी तिला फोन केला. गुरुजींनी नंबर दिला. ती आता एका शहरात मुलांना विमानाचं शिकवते, वर्गात, जमिनीवर. उडायला अजून कोणी दिलेलं नाही. मी तिला म्हणालो, कॅप्टन, मी लिहितोय. आमच्यात नाव न घेण्याची पद्धत आहे. पण तुमचं नाव घातलं तर शोधणाऱ्याला त्या बातमीशेजारी हेही सापडेल. घालू का?

तिने वर्गाचं दार लावून घेतल्याचा आवाज आला.

“माझं नाव पुष्कळ छापून झालं, साहेब,” ती म्हणाली. “तुमचं घाला.”

लेखाच्या वर लेखक म्हणून ते छापतीलच. पण ते तिथे नको होतं, त्या वाक्यात हवं होतं. तेव्हा अहवालातलं वाक्य पुन्हा लिहितो. सदरचा गुन्हा माझ्या गैरसमजुतीतून दाखल झाला.